जर-तरची भाषा : सकाळचे वादळ आणि संध्याकाळचा अंदाज

१

संकेतार्थी वाक्य शिकवताना मराठी व्याकरणाच्या वर्गात उदाहरण बहुधा पावसाचेच दिले जाते. पाऊस पडला तर पीक येईल. पाऊस पडला असता तर पीक आले असते. आम्हीही वर्षानुवर्षे हीच उदाहरणे फळ्यावर लिहीत आलो. व्यवहारात मात्र या वाक्यरचनेला फारशी प्रतिष्ठा नाही. ‘जर-तरची भाषा नको, नक्की काय ते सांगा,’ असे आपण नेत्याला म्हणतो, डॉक्टरांना म्हणतो, विद्यार्थ्यालाही म्हणतो. जर-तर म्हणजे टाळाटाळ, पळवाट, अंगावर काही न घेण्याची युक्ती, अशी आपली समजूत आहे.

ही समजूत तपासून पाहावी असे आम्हांस वाटण्याचे कारण साहित्याबाहेरचे आहे. अमेरिकेच्या मध्य आणि दक्षिण भागात वसंत ऋतूमध्ये जी प्रचंड गडगडाटी वादळे होतात, त्यांच्या पूर्वानुमानाचा इतिहास वाचत असताना लक्षात आले, की हा इतिहास ढगांचा, फुग्यांचा आणि रडारचा जितका आहे तितकाच भाषेचाही आहे. एका शब्दावरील बंदी, मग त्या शब्दाची सुटका, मग त्याला जोडलेली विशेषणे, आणि या सर्वांच्या मुळाशी असलेला प्रश्न : जे निश्चित नाही ते लोकांना कसे सांगावे?

या प्रश्नाची सर्वांत कठीण परीक्षा ज्या दिवशी होते, तो दिवस असा असतो. संध्याकाळी मोठी वादळे होतील असे आदल्या दिवसापासून दिसत असते. पण पहाटेच एक वादळ येऊन जाते. जोराचा पाऊस पडतो, वारा सुटतो, हवा थंड होते, आकाश राखाडी होते. आता संध्याकाळचे काय? सकाळच्या वादळाने हवेतील सारी शक्ती वापरून टाकली, की संध्याकाळच्या वादळाची ती केवळ नांदी होती? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या वाटेने हा इतिहास पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

एक खुलासा आरंभीच करावयास हवा. आपल्या वृत्तपत्रांत ‘चक्रीवादळ’ हा शब्द समुद्रावर जन्मणाऱ्या, शेकडो किलोमीटर व्यासाच्या वादळांसाठी रूढ आहे. गडगडाटी ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत पोहोचलेला, गरगर फिरणाऱ्या हवेचा स्तंभ ही निराळी गोष्ट होय. तिच्यासाठी ‘टोर्नेडो’ हाच शब्द येथे ठेवला आहे. हा शब्द इंग्रजीत स्पॅनिश भाषेतून आला. त्याचे मूळ मेघगर्जनेचा अर्थ असलेल्या शब्दात आहे आणि ‘वळणे’ या अर्थाच्या क्रियापदाची छाया त्यावर पडून त्याचे आजचे रूप घडले, असे व्युत्पत्तिकार सांगतात. गर्जना आणि वळण हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदत आहेत.

२

कथेचा आरंभ १८८० च्या दशकात होतो. अमेरिकेत तेव्हा हवामानाचे काम लष्कराच्या सिग्नल कोअरकडे होते. तेथील जॉन पार्क फिन्ली या तरुण अधिकाऱ्याने जुन्या नोंदी धुंडाळून सहाशे टोर्नेडोंचा अभ्यास सिद्ध केला, देशभर दोन हजारांहून अधिक वार्ताहरांचे जाळे विणले आणि १८८४ च्या वसंतात टोर्नेडोचा अंदाज वर्तवण्याचा प्रयोग सुरू केला. देशाच्या निरनिराळ्या विभागांसाठी तो रोज ‘होईल’ किंवा ‘होणार नाही’ असे दोनच प्रकारचे विधान करीत असे. तीन महिन्यांत अशी २८०३ विधाने झाली आणि त्यांपैकी ९६.६ टक्के खरी ठरली, असे त्याने जाहीर केले.

आकडा दिपवणारा होता. पण त्याच वर्षी ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूवैज्ञानिकाने एक साधी गोष्ट दाखवून दिली. फिन्लीने ‘होईल’ असे शंभर वेळा म्हटले होते. त्यांपैकी अठ्ठावीस वेळा टोर्नेडो झाला, बहात्तर वेळा झाला नाही. शिवाय तेवीस वेळा त्याने ‘होणार नाही’ म्हटले असता टोर्नेडो झाला. उरलेली २६८० विधाने ‘होणार नाही’ अशी होती आणि तसेच घडले. म्हणजे एखाद्याने डोळे मिटून रोज ‘होणार नाही’ असेच म्हटले असते, तर तो ९८.२ टक्के वेळा बरोबर ठरला असता! फिन्लीपेक्षाही अधिक. जे क्वचितच घडते त्याविषयी सदैव नकार देणारा माणूस बहुतेक वेळा खराच ठरतो. फक्त ज्या वेळी त्याच्या शब्दाची गरज असते, त्या वेळी तो खोटा पडतो.

गिल्बर्टचा आक्षेप फिन्लीच्या हिशेबाच्या रीतीवर होता. वरिष्ठांनी मात्र पुढे निराळाच मार्ग धरला. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अंदाजामध्ये ‘टोर्नेडो’ हा शब्द वापरण्यास मनाई झाली. लोक घाबरतील, आणि अंदाजाने होणारी हानी टोर्नेडोच्या हानीपेक्षा जास्त असेल, असा त्यामागचा विचार होता. १८९१ मध्ये हे काम मुलकी वेदर ब्यूरोकडे गेले तरी धोरण बदलले नाही. १९०५ च्या नियमावलीतही टोर्नेडोच्या अंदाजास बंदी होती. १८ मार्च १९२५ रोजी मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून एक टोर्नेडो साडेतीन तास धावत गेला आणि त्यात ६९५ माणसे मरण पावली. त्या दिवसाच्या अंदाजात तो शब्द नव्हता. असणेच शक्य नव्हते.

भाषेच्या अभ्यासकांना या बंदीत एक परिचित गोष्ट दिसेल. शब्द उच्चारला नाही म्हणजे वस्तू दूर राहते, ही भावना जुनीच आहे. आपल्याकडे रात्री सापाला ‘लांबडे’ म्हणण्याची रीत आहेच. फरक इतकाच, की घरातला माणूस ‘लांबडे’ म्हणतो तेव्हा ऐकणारा सावध होतो. वेदर ब्यूरोने शब्द वगळला तेव्हा ऐकणाऱ्याला सावध होण्याची संधीच उरली नाही.

३

ही मनाई १९३८ मध्ये काहीशी सैल झाली. पण शब्दाची खरी सुटका व्हायला १९४८ साल उजाडले. २० मार्च १९४८ च्या रात्री ओक्लाहोमा राज्यातील टिंकर या हवाई दलाच्या तळावर टोर्नेडो आदळला. विमानांचा चुराडा झाला. हानी सुमारे एक कोटी डॉलरची होती. अशा घटनेचा अंदाज करता येत नाही, असा निर्वाळा चौकशीत मिळाला. तरीही तळाचे प्रमुख जनरल फ्रेड बोरम यांनी मेजर अर्नेस्ट फॉबुश आणि कॅप्टन रॉबर्ट मिलर या आपल्या दोन हवामान अधिकाऱ्यांना अभ्यासाला बसवले. त्यांनी जुन्या टोर्नेडोंच्या दिवसांचे नकाशे काढून त्यांतील समान खुणा शोधल्या : जमिनीलगत दमट हवा, तिच्यावर कोरडी हवा, उंचीनुसार बदलत जाणारे जोरदार वारे.

पाचच दिवसांनी, २५ मार्चच्या सकाळी, समोरचा नकाशा त्याच खुणा दाखवू लागला. एकाच ठिकाणी पाच दिवसांत दुसरा टोर्नेडो यावा ही गोष्ट जवळपास अशक्य कोटीतली. दोघांनीही ते जाणले होते. तरीही दुपारी तीनच्या सुमारास अंदाज लेखी दिला गेला. विमाने आत घेतली गेली, माणसे सुरक्षित जागी हलवली गेली. संध्याकाळी सहाच्या सुमारास टोर्नेडो तळावर आला. या वेळी कोणी मेले नाही.

हा प्रसंग अमेरिकी हवामानशास्त्रात दंतकथेसारखा सांगितला जातो, आणि दंतकथेत येतो तसा योगायोगाचा वाटाही त्यात मोठा आहे. टोर्नेडो थोडा बाजूने गेला असता तर अंदाज चुकला असे म्हटले गेले असते. हवेविषयीचे त्या दोघांचे ज्ञान मात्र तेवढेच राहिले असते. पण संस्था योगायोगाने का होईना, बोलू लागली. १९५० मध्ये वेदर ब्यूरोचे प्रमुख फ्रान्सिस रायकेलडर्फर यांनी परिपत्रक काढून टोर्नेडोच्या अंदाजावर बंदी नसल्याचे स्पष्ट केले. १९५२ च्या मार्चमध्ये ब्यूरोने लोकांसाठी असे अंदाज देण्यास आरंभ केला, आणि त्यासाठी स्वतंत्र कक्ष उभारला. १९५४ मध्ये तो कॅन्सस सिटीला गेला. आज तेच केंद्र ‘स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर’ या नावाने ओक्लाहोमातील नॉर्मन या गावी आहे.

४

बोलायला परवानगी मिळाली. पण काय बोलावे? येथे सकाळच्या वादळाचा प्रश्न समोर येतो.

आपल्याकडचा वळीव बहुधा दुपारनंतरचा. दिवसभर जमीन तापते, दमट हवा वर चढते, ढग उभे राहतात, तासा-दोन तासांत सारे मोकळे होते. त्यामुळे ‘वादळ आले आणि गेले’ हा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला असतो. अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानांत मात्र रात्री जमिनीपासून काहीशे मीटरांवर दक्षिणेकडून वेगवान वारा वाहू लागतो आणि मेक्सिकोच्या आखाताची दमट हवा उत्तरेकडे आणतो. तिच्यावर पोसलेली वादळे संध्याकाळी जन्मून रात्रभर पूर्वेकडे सरकत राहतात, आणि पहाटे कोणत्या तरी राज्यावर येऊन थकतात. त्यामुळे ज्या दिवशी संध्याकाळची भीती असते, त्याच दिवशी सकाळी आकाशात जुन्या वादळाचे उष्टे पडलेले असते.

अशा वादळाच्या पोटात काय चालते, हे दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू कळू लागले. १९४६ मध्ये फ्लोरिडात आणि १९४७ मध्ये ओहायोत होरेस बायर्स यांच्या नेतृत्वाखाली विमाने मुद्दाम गडगडाटी ढगांतून नेण्यात आली. प्रत्येक ढगाला वाढ, भर आणि उतार अशा तीन अवस्था असतात आणि उताराच्या अवस्थेत थंड हवा खाली कोसळते, असे या प्रकल्पातून दिसून आले. त्याच सुमारास जपानमध्ये तेत्सुया फुजिता या तरुण संशोधकाने सेफुरी पर्वतावरील नोंदींवरून ढगातून खाली येणाऱ्या हवेचा स्वतंत्रपणे माग काढला होता. त्याने आपले काम बायर्स यांना पाठवले आणि १९५३ मध्ये तो शिकागोला पोहोचला. हवामानाच्या नेहमीच्या नकाशात न मावणाऱ्या छोट्या आकृत्या त्याने बारीक नकाशांवर काढून दाखवल्या. वादळ गेल्यावर जमिनीवर थंड, जड हवेचा एक घुमट मागे राहतो. त्याला स्वतःचा दाब असतो आणि स्वतःची कडा असते. थोडक्यात, वादळ जाते तेव्हा ते मागे काहीतरी लिहून जाते.

अंदाजकर्त्याचे काम म्हणजे हे लिखाण वाचणे. साधारणपणे त्याला चार प्रश्न पडतात. पहिला, ढग किती लवकर विरतील? वादळाचा वरचा भाग दूरवर पसरून छत्रीसारखा राहतो. त्याखाली जमीन तापत नाही. अकरा वाजता ऊन पडणे आणि तीन वाजता ऊन पडणे यांत संपूर्ण दिवसाचा फरक आहे. दुसरा, थंड हवेचा थर किती खोल आहे आणि दक्षिणेकडील दमट वारा त्यावर मात करण्याइतका जोरकस आहे का? तिसरा, वरच्या थरांत काय येत आहे? पश्चिमेकडून नवी थंड हवा आणि वेगवान वारे येत असतील, तर सकाळी खर्च झालेली शक्ती दुपारपर्यंत पुन्हा भरून निघते. येत नसतील तर ती खर्चलेलीच राहते. चौथा आणि सर्वांत नाजूक प्रश्न, थंड घुमटाची कडा कोठे पडली आहे?

ही कडा महत्त्वाची का? १९७६ मध्ये जेम्स परडम यांनी उपग्रहाच्या चित्रांतून दाखवले, की जुन्या वादळांच्या थंड हवेच्या कडा कमानीसारख्या ढगांच्या रेषांत दिसतात आणि त्या जेथे एकमेकींना छेदतात तेथे नवी वादळे उभी राहतात. कडेवर वारा वळतो, आणि जमिनीलगतच्या हवेत फिरण्याची प्रवृत्ती तेथे आयतीच तयार असते. १९९५ च्या वसंतात ‘व्होर्टेक्स’ नावाची मोठी क्षेत्रमोहीम झाली. तिच्यातील मोठ्या टोर्नेडोंपैकी सुमारे ७० टक्के अशा कडांच्या आसपास झाले होते, असे नंतरच्या विश्लेषणात आढळले. म्हणजे सकाळचे वादळ एका हाताने उष्णता काढून घेते आणि दुसऱ्या हाताने संध्याकाळच्या वादळाला जागा आखून देते. कडेच्या उत्तरेला थंड, स्थिर हवा. दक्षिणेला तापलेली, दमट. आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात सर्वांत मोठा धोका. ही कडा एखाद्या जिल्ह्याच्या अलीकडे पडते की पलीकडे, यावर त्या जिल्ह्याचे भवितव्य ठरते.

अडचण अशी, की हे सारे ज्या वेळी ठरते त्या वेळी साधने अपुरी असतात. वरच्या हवेचे मोजमाप करणारे फुगे दिवसातून दोनदा सुटतात. अमेरिकेच्या मध्य भागात ती वेळ उन्हाळी घड्याळाप्रमाणे सकाळी सात आणि संध्याकाळी सात अशी येते. सकाळचा फुगा अनेकदा वादळातूनच वर जातो आणि वादळाचीच हवा मोजून आणतो; संध्याकाळच्या फुग्यापर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असू शकते. निर्णय मधल्या बारा तासांत घ्यायचा असतो. कधी दुपारी एक जादा फुगा सोडतात. एरवी तासातासाची जमिनीवरील निरीक्षणे, उपग्रह आणि रडार यांवर भिस्त. २०१४ पासून दर तासाला नव्याने गणित करणारे सूक्ष्म संगणकीय प्रारूपही हाताशी आले. पण त्या प्रारूपाने सकाळचे वादळ पन्नास किलोमीटर चुकीच्या जागी दाखवले, तर संध्याकाळचे त्याचे सारे चित्र त्या चुकीवरच उभे राहते.

वादळाने घुसळून काढलेल्या हवेला अमेरिकी अंदाजकर्ते ‘वापरून झालेली हवा’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग योजतात. पुष्कळ दिवशी ती खरोखरच वापरून झालेली असते. ढग हटत नाहीत, थंड थर निघत नाही, संध्याकाळ शांत जाते. यामुळेच प्रश्न अवघड आहे. सकाळच्या वादळानंतर नेहमीच धोका वाढत असता, तर अंदाज सोपा झाला असता. नेहमीच टळत असता, तरीही.

५

३ एप्रिल १९७४ च्या सकाळी वादळांचा एक पट्टा पूर्वेकडे निघून गेला. त्याच्यामागे आकाश मोकळे झाले, दक्षिणेची हवा परतली, आणि दुपारपासून दुसऱ्या दिवसापर्यंत तेरा राज्यांत १४८ टोर्नेडो झाले. तीनशेहून अधिक माणसे मेली.

सदतीस वर्षांनी, २७ एप्रिल २०११ रोजी, हेच दृश्य अलाबामात अधिक भयंकर रूपात घडले. पहाटे वादळांची एक लांब रांग मिसिसिपी आणि अलाबामावरून गेली. ती स्वतःच साधी नव्हती. तिच्यातही अनेक टोर्नेडो होते, माणसे दगावली, झाडे आणि विजेचे खांब पडले. लाखो लोकांचा वीजपुरवठा तुटला. दुपारच्या सुमारास वादळांचा आणखी एक समूह राज्याच्या उत्तर भागातून गेला. एका दिवसात दोन वादळे होऊन गेली. आता हवेत काही उरले नसेल, असे सामान्य माणसाला वाटले तर त्यात नवल नव्हते.

स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरने मात्र आपल्या मोजपट्टीवरील सर्वोच्च पायरी, म्हणजे ‘हाय’, सोडली नाही. वरच्या थरातील वारे अतिशय वेगवान होते, पश्चिमेकडून नवी प्रणाली सरकत होती आणि आखाताची हवा थंड थराला झपाट्याने मागे रेटत होती. सकाळच्या वादळांनी जे काढून घेतले ते दुपारपर्यंत भरून निघणार, हे त्यांनी वाचले होते. दुपारी विशेष धोक्याच्या शब्दांत सूचना निघाली. त्यानंतरच्या काही तासांत हॅकलबर्ग आणि फिल कॅम्पबेल या गावांतून गेलेल्या टोर्नेडोने ७२, तर टस्कलूसा आणि बर्मिंगहॅममधून गेलेल्या टोर्नेडोने ६४ बळी घेतले. त्या एका दिवसात टोर्नेडोंची संख्या १९९ झाली आणि ३१६ माणसे मरण पावली.

अंदाज बरोबर होता, तरी इतकी माणसे का मेली? कारणे अनेक आहेत. इतक्या प्रचंड शक्तीच्या टोर्नेडोपुढे साधी घरे टिकत नाहीत, आणि तळघर सर्वांकडे नसते. पण एक कारण आमच्या विषयाशी थेट निगडित आहे. सकाळच्या वादळाने वीज घालवली होती. दूरचित्रवाणी बंद, हवामान-रेडिओचे काही प्रक्षेपक बंद, काही ठिकाणी भोंगेही बंद. पहिल्या वादळाने दुसऱ्याची वार्ता नेणारी वाटच तोडून टाकली होती. वाक्य बरोबर रचले गेले; ऐकणाऱ्याच्या घरात अंधार होता.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २० मे २०१९ रोजी याच केंद्राने टेक्सास आणि ओक्लाहोमाच्या काही भागासाठी सर्वोच्च पायरी जाहीर केली. टोर्नेडोची शक्यता ४५ टक्के, म्हणजे त्या भागातील कोणत्याही बिंदूपासून पंचवीस मैलांच्या आत टोर्नेडो होण्याची तितकी शक्यता. एरवीच्या मानाने हा आकडा अतिशय मोठा आहे. ओक्लाहोमा सिटी परिसरातील शाळा बंद ठेवल्या गेल्या. टोर्नेडो झाले, पूर आले. पण मध्य ओक्लाहोमावर ज्या संहाराची भीती होती तो झाला नाही. दुसऱ्या दिवशी पुष्कळांनी विचारले, मग शाळा कशाला बंद केल्या? फिन्लीच्या वरिष्ठांची भीती अगदीच निराधार नव्हती, हे येथे मान्य करावे लागेल. चुकलेल्या ‘होईल’ची किंमत असते, आणि ती पुढच्या ‘होईल’वरच्या विश्वासातून चुकवावी लागते. त्यांची चूक एवढीच, की मौनालाही किंमत असते हे त्यांनी हिशेबात धरले नाही.

६

बंदी उठल्यानंतरची सारी वर्षे ही संस्था भाषा घडवीत आली आहे. ११ एप्रिल १९६५ च्या पाम संडेला मध्य-पश्चिम राज्यांत टोर्नेडोंनी अडीचशेहून अधिक बळी घेतले. तेव्हा लोकांना ‘अंदाज’ आणि ‘इशारा’ यांतला फरक कळत नाही, असे दिसून आले. त्यानंतर ‘वॉच’ म्हणजे ‘परिस्थिती अनुकूल आहे, लक्ष ठेवा’ आणि ‘वॉर्निंग’ म्हणजे ‘आले आहे, आडोसा घ्या’ अशी स्पष्ट फोड झाली. या शतकाच्या आरंभापासून अंदाजांत शक्यतेचे आकडे दिले जाऊ लागले. २०१४ मध्ये धोक्याच्या तीन पायऱ्यांच्या पाच झाल्या. कारण ‘किंचित’ अशा अर्थाच्या पायरीत खरोखर किंचित असलेले आणि बरेच गंभीर असे दोन्ही दिवस कोंबले जात होते. एका विशेषणाच्या अर्थच्छटेवर इतका विचार करणाऱ्या संस्थेबद्दल भाषेच्या शिक्षकांना आपुलकी वाटावी, हे साहजिक आहे.

या केंद्राचा दिवसाचा अंदाज अनेकदा नव्याने लिहिला जातो. उन्हाळी घड्याळाप्रमाणे रात्री एक, सकाळी आठ, साडेअकरा, दुपारी तीन आणि रात्री आठ अशा त्याच्या वेळा आहेत. त्यांतला साडेअकराचा मजकूर आम्हांस विशेष वाटतो. सकाळचे वादळ तेव्हा ओसरत असते, ऊन पडेल की नाही हे कळलेले नसते, दुपारचा जादा फुगा अजून सुटलेला नसतो. अंदाजाच्या अशा मजकुरांत जर-तर पुष्कळ असते : ढग लवकर हटले तर, कडा स्थिर राहिली तर, त्या कडेजवळ एखादे सुटे वादळ उभे राहिले तर. वर्तमानपत्री घाईत हे वाचणाऱ्याला ते गुळमुळीत वाटेल. पण त्यातला प्रत्येक ‘जर’ काहीतरी नेमके सांगतो. कोणत्या गोष्टीकडे पाहायचे, ती कोठे पाहायची, आणि ती घडली की मत कोणत्या दिशेने बदलायचे, हे सारे त्या एका अव्ययात असते.

पळवाटेचा ‘जर’ आणि हा ‘जर’ यांत फरक करता आला पाहिजे. पळवाटेचा ‘जर’ बोलणाऱ्याला मोकळे ठेवतो. काहीही घडले तरी ‘आम्ही म्हटले होतेच’ असे म्हणण्याची सोय करतो. अंदाजकर्त्याचा ‘जर’ बोलणाऱ्याला बांधतो. अट पुरी झाल्यावर त्याला आपला ‘तर’ उच्चारावाच लागतो, मग तो कितीही अप्रिय असो, आणि सकाळी एक वादळ सोसून लोक कितीही थकलेले असोत. फिन्लीचे ‘होईल’ आणि ‘होणार नाही’ हे दोनच पर्याय, त्यानंतरचे दीर्घ मौन, आणि आजची शक्यतांची भाषा असा हा सुमारे एकशे चाळीस वर्षांचा प्रवास आहे. त्यात विज्ञान वाढले हे तर खरेच. पण त्याबरोबर अनिश्चितता प्रामाणिकपणे उच्चारण्याचे धैर्यही वाढले.

व्याकरणाच्या फळ्यावरील आमच्या दोन वाक्यांकडे पुन्हा येऊ. ‘पाऊस पडला असता तर’ हे वाक्य होऊन गेलेल्या गोष्टीविषयी आहे. त्यात हळहळ आहे आणि कोणावरही जबाबदारी नाही. ‘पाऊस पडला तर’ हे वाक्य अजून न घडलेल्या गोष्टीविषयी आहे. त्यात ऐकणाऱ्याला काही करता येते. १९२५ च्या तीन राज्यांच्या वाट्याला केवळ पहिले वाक्य आले. २०११ च्या अलाबामासाठी दुसरे वाक्य वेळेवर उच्चारले गेले, आणि तरीही ते पुष्कळ घरांत पोहोचले नाही. यापुढे वर्गात हे उदाहरण देताना, ते वाक्य कोण कोणाला, केव्हा सांगत आहे आणि ते त्याला ऐकू जाते आहे ना, हेही विद्यार्थ्यांना विचारावे, असे आम्ही ठरवले आहे.